शून्य सावलीच्या शॉटमधली सावली

या सदरातले अनुभव मी गेली दोन-तीन वर्षं वाचते आणि खरं सांगायचं तर वाचून हसते. चकवा, मागून आलेल्या हाका, वळणावरची बाई... कोकणातली असूनही माझा यातल्या कशावर कधी विश्वास बसला नाही. घरी देवापुढे रोज दिवा लागायचा, पण भुताचा विषय निघाला की बाबा म्हणायचे, "धा वर्साचा असल्यापास्नं सुपारीवर चढतोय. वर मुंग्या भेटल्या, खाली मुकादम भेटला. तिसरा कोन न्हाय." मी बी.एस्सी. फिजिक्स, आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. शिवाय यात अमावस्या नाही, रात्रही नाही. सगळं भर दुपारी घडलेलं आहे.

आमचं गाव श्रीवर्धन तालुक्यात, बोर्ली पंचतनपासून सहा-सात किलोमीटर समुद्राच्या अंगाला. हरिहरेश्वरला जाणाऱ्या गाड्या आमच्या फाट्यावरून सरळ निघून जातात, आत कुणी वळत नाही. गावची शाळा तीन खोल्यांची, कौलारू. समोर मातीचं अंगण, एका बाजूला सुरूची झाडं आणि त्यांच्या पलीकडे पाणी. व्हरांड्यात रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला असायचा. तीच शाळेची घंटा. लोखंडी सळीने ती वाजवायचे सीताराम नाना, शाळेचे शिपाई.

नानांनी अंगणात, व्हरांड्याच्या पायरीपासून तीनेक हातांवर, सुपारीच्या खोडाचा एक खांब पुरला होता. बरोबर स्वतःच्या उंचीचा, साडेतीन हात. म्हणायचे, "मी नसलो तरी माझी सावली मोजता यावी." शाळेचं घड्याळ सतत बंद पडायचं, म्हणून त्यांनी हा खांब उभा केला आणि सावलीवर घंटा द्यायला लागले. सावली सगळ्यात आखूड झाली की मध्यान्ह, आणि मग जेवणाची सुट्टी. आता आमच्याकडे खरा मध्यान्ह घड्याळाच्या बाराला कधीच होत नाही, साडेबाराच्या आसपास होतो. घड्याळ आपलं असलं तरी वेळ सगळ्या देशाची असते ना! पण हे नव्या हेडमास्तरांना कोण सांगणार? त्यांनी एक दिवस सगळ्या शाळेसमोर नानांना झापलं — "शिपायानं घंटा द्यायची. सूर्य कुठं आहे ते बघायचं नाही."

नाना "व्हय गुर्जी" म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून घंटा घड्याळावर द्यायला लागले. सावली मोजणं मात्र थांबवलं नाही. एक जाड वही आणली, पुठ्ठ्यावर स्वतःचं नाव घातलं — सीताराम धोंडू — आणि रोज मध्यान्हीची सावली बोटांनी मोजून तारखेपुढे लिहायला लागले. एक हात म्हणजे चोवीस बोटं. एकतीस वर्षं! निवृत्त झाल्यावरसुद्धा रोज येत. ज्या दिवशी ढग, त्या दिवशी "दिसली न्हाय" एवढंच लिहिलेलं.

वर्षातून दोनदा सूर्य आमच्या बरोबर डोक्यावर येतो आणि खांबाची सावली पूर्ण नाहीशी होते. एकदा मेच्या मध्यावर, एकदा जुलैच्या शेवटी. जुलैत पाऊस असतो, म्हणून खरा दिवस मेमधलाच. त्या दिवशी सुट्टी असूनही आम्ही पोरं अंगणात जमायचो. नानांचा एकच नियम होता, "सावली गेली की जागचं हलायचं न्हाय. परत आली की मंगच पाय उचलायचा. न्हायतर ती हितंच ऱ्हाते." आम्ही पुतळ्यासारखे उभे राहायचो. मोठी झाल्यावर कळलं, पोरांनी मध्येच धावून खांब हलवू नये म्हणून ती युक्ती होती. निदान मला तसंच वाटायचं.

कोन म्हणजे काय, ते मी त्या खांबापाशी शिकले. बारावीच्या परीक्षेला नानाच मला सायकलवरून केंद्रावर सोडायचे. एवढं सांगितलं म्हणजे माझ्यावर त्यांचं किती ऋण होतं ते वाचकांना कळेल.

कॉलेजनंतर मला मुंबईत निनाद सरांकडे काम मिळालं. सर विज्ञानावरचे माहितीपट करायचे. आम्ही चौघंच होतो. सर दिग्दर्शक, मुश्ताकभाई कॅमेरा, तन्वी एडिटिंग आणि मी रिसर्च व लेखन. सरांचेही माझ्यावर उपकार आहेत, ते नाकारणार नाही. माझं इंग्रजी कच्चं होतं, त्यांनी त्याचं कधी हसं केलं नाही. स्क्रिप्ट कशी लिहायची, शॉट कसा वाचायचा, सगळं त्यांनी शिकवलं. म्हणून त्यांना "नाही" म्हणायला माझी जीभ कधी वळली नाही. या सगळ्याचं मूळ तिथेच आहे.

सूर्यावरच्या माहितीपटाचं काम आलं तेव्हा नानांच्या वहीबद्दल मीच सांगितलं. सर अक्षरशः खुर्चीतून उठले. "एकतीस वर्षांचं निरीक्षण? एका शिपायाचं? मनीषा, हीच आपली फिल्म!"

एप्रिलमध्ये वही मागायला मी गावी गेले. नाना ओटीवर बसून जाळं दुरुस्त करत होते. आत काकी — नानांची बायको — तांदूळ निवडत होती.

"वही ने," नाना म्हणाले. "पन येक सांगू का बाय? पुठ्ठ्यावर नाव हाय माझं. तेवढं पडद्यावर दिसूदे. त्या हेडमास्तरचा पोरगा श्रीवर्धनला ऱ्हातो, त्यानं बघितलं पायजे."

काकी आतूनच म्हणाली, "येवढ्या वर्सांचा राग धरून बसलाय म्हातारा. सावलीपेक्षा रागच जास्त मोजला यानं."

"राग न्हाय गो. नाव."

मी शब्द दिला. "नाना, तुमचं नाव येणार म्हणजे येणार."

मेमध्ये आम्ही शूटला गेलो. आकाश स्वच्छ होतं. नानांनी सकाळीच ओळंबा लावून खांब सरळ करून ठेवला होता, धुतलेला सदरा आणि टोपी घालून, हातात सळी घेऊन उभे होते. आधी त्यांची मुलाखत झाली, चांगली पाऊण तास. मग मध्यान्हीचा शॉट. खांबापाशी नाना आणि सर, दोघंही. सावल्या आत आत सरकत पायाशी आल्या आणि मग... गेल्या. खांबाची गेली, नानांची गेली, सरांची गेली. उन्हात सगळं जग जमिनीवर नुसतं चिकटवल्यासारखं दिसत होतं.

तेवढ्यात सर हळूच म्हणाले, "नाना, तुम्ही जरा फ्रेमच्या बाहेर व्हा. मला एकट्याचा एक घ्यायचाय. लवकर."

नाना हलले नाहीत. "सावली आली न्हाय अजून."

"अहो नाना, दीड मिनिटाचा खेळ आहे. चला चला."

"मंग माझी सावली हितंच ऱ्हाईल की!"

सर हसले. "राहू दे. नंतर कॉम्प्युटरवर पुसून टाकू."

सगळे हसले. मीसुद्धा. आणि मीच पुढे होऊन नानांचा दंड धरून त्यांना बाजूला नेलं. ते माझ्याकडे बघत होते, जमिनीकडे नाही. मागे सर एकटे खांबापाशी उभे राहिले आणि कॅमेऱ्यात बघून बोलले. सरांचं वाक्य संपल्याबरोबर तेही चालत निघाले... त्यांचीही सावली अजून आली नव्हती, हे मला फार नंतर लक्षात आलं.

मुंबईत आल्यावर एक-एक गोष्ट बदलत गेली. सर म्हणाले, "नानांची भाषा कळत नाही, खाली सबटायटल लागतील. प्रेक्षक तुटतो. फिल्मला एक चेहरा हवा." तो चेहरा सरांचा झाला. नानांची पाऊण तासाची मुलाखत पाच मिनिटं झाली, मग एक, मग काहीच नाही. फिल्ममध्ये वहीची आतली पानं राहिली, पुठ्ठा गेला. आणि एक दिवस सरांनी मला निवेदनाची पहिली ओळ लिहायला सांगितली. मी लिहिली: "गेली अनेक वर्षं मी या किनाऱ्यावर सावल्या मोजतो आहे."

"मी" म्हणजे सर. ती ओळ माझी आहे. माझ्या हाताने लिहिलेली. सरांनी पाठ थोपटली आणि मला... आनंद झाला होता.

श्रावणात फिल्मचा ट्रेलर आला. दुसऱ्या दिवशी दुपारी नानांचा फोन.

"बाय, तो कोन सावल्या मोजतोय?"

मी काहीतरी बोलले. ट्रेलर वेगळा असतो, फिल्म वेगळी असते, असं.

"माझं नाव हाय का फिलममदी?"

मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"बरं," नाना म्हणाले. आवाज चढला नाही, पण असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "त्याला सांग, वही घेतलीस ती घे. पन त्या खांबाखाली मी हुभा हाय. हेडमास्तरनं झापलं तवा गप ऱ्हायलो. आता न्हाय ऱ्हानार. मला पुसून दाखव म्हनावं. भर उन्हात उघडा पाडीन."

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी नाना गेले. सकाळी चहा पिऊन ओटीवर बसले ते बसलेच. मला उशिरा कळलं, आणि खोटं कशाला सांगू, कळल्यावरही मी गावी गेले नाही. काकीला तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

त्यानंतर आठवडाभराने तन्वीने मला एडिटिंग रूममध्ये बोलावलं. दुपारचे दोन वाजले होते, डबा अर्धवट खाल्लेला.

"मनीषा, हा शॉट बघ. ही सावली कुणाची?"

मध्यान्हीचा शॉट. सर एकटे, खांबाला सावली नाही, सरांना सावली नाही. आणि खांबाच्या बुडापासून व्हरांड्याकडे, उत्तरेला, जमिनीवर माणसाची एक आखूड सावली पडलेली. डोक्यावर टोपी. एक हात बाजूला, हातात सळी.

माणूस नव्हता. नुसती सावली.

तन्वी म्हणाली, "काल नव्हती गं. मी हा शॉट शंभरदा बघितलाय."

मुश्ताकभाईंना बोलावलं. ते चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनला नाक लावून बसले. "बेटा, सूरज डोक्यावर, बाकी कुणाची पडत नाही आणि या एकट्याची पडते? माझ्या हातून चूक होईल. सूर्याच्या हातून कशी होईल?" मग त्यांनी कॅमेऱ्याचं ओरिजिनल मेमरी कार्ड लावलं. शूटच्या दिवसापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. त्यातही सावली होती.

सर आले, बघितलं. चेहरा क्षणभर पडला, मग म्हणाले, "टेक्निकल गडबड आहे. पुसून टाक."

तन्वीने पुसली. हे काम अवघड नसतं. बाजूच्या मातीचा तुकडा उचलून त्यावर बसवायचा. शॉट स्वच्छ झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फाइल उघडली तर सावली परत जागेवर. आणि गेलं होतं दुसरंच काहीतरी. हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावरचा शॉट होता, कोवळं ऊन, सर चालत येतायत आणि त्यांची लांबच लांब सावली वाळूवर. तो आमचा सगळ्यात देखणा शॉट. त्यात दगडांच्या सावल्या होत्या, कुत्र्याची होती, मागच्या नारळपाणीवाल्याची होती. सरांची नव्हती.

"परत पुस," सर म्हणाले.

पुसली. परत आली. या वेळी किल्ल्यावरच्या शॉटमधली सरांची सावली गेली. तिसऱ्या वेळी जेट्टीवरची. तन्वीने माउस खाली ठेवला. "सर, मी नाही पुसणार. तुम्हाला पुसायची असेल तर तुम्ही पुसा."

मी फिजिक्सवाली. मला भीती वाटली की मी मोजायला बसते. स्क्रीनवर खांबाची उंची मोजली, सावलीची लांबी मोजली, गुणोत्तर काढलं. खांब साडेतीन हात म्हणजे चौऱ्याऐंशी बोटं. सावली आली सत्तावीस बोटं. मग उगाच, काही सुचेना म्हणून, नानांची वही काढली. शूटच्या नाही, त्या दिवशीच्या तारखेसमोर मागची तीस वर्षं बघितली. सव्वीस. सत्तावीस. सत्तावीस. "दिसली न्हाय." सत्तावीस.

दुसऱ्या दिवशी परत मोजली. वाढली होती.

दिवाळीच्या आधी शेहेचाळीस. नोव्हेंबरच्या मध्यावर बासष्ट. मे महिन्यात शूट केलेल्या, कधीच संपून गेलेल्या त्या शॉटमध्ये ती सावली रोज त्या-त्या दिवसाच्या मध्यान्हीइतकी होत होती. वहीतल्या आकड्यांशी एका बोटाचाही फरक नाही. गावी अंगणात आता कुणी मोजत नव्हतं. पण मोजणं थांबलं नव्हतं.

सांगू का, तोपर्यंत माझी भीती गेली होती. मला रोज सकाळी उत्सुकता असायची. आज किती? सर आत येऊन स्क्रीनकडे न बघता खुर्चीत बसायचे आणि मला मनातून बरं वाटायचं. हे चांगलं नाही, माहीत आहे. पण खरं आहे.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात फिल्मचा प्रिव्ह्यू होता. ज्या संस्थेने काम दिलं होतं त्यांचे पाच-सहा लोक, सोबत खगोलशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक वयस्कर मॅडम. आदल्या दिवशी सर स्वतः बसले, दार लावून. चार तासांनी बाहेर आले. "गेली. बघा." खरंच गेली होती. शॉट एकदम स्वच्छ. सर पहिल्यांदा हसले. "मशीन आहे ते. माणसाचं ऐकणारच."

सकाळी अकराला फिल्म सुरू झाली. "गेली अनेक वर्षं मी या किनाऱ्यावर सावल्या मोजतो आहे..." सरांचा आवाज. पाचव्या मिनिटाला मॅडमनी हात वर केला. "जरा थांबवता का? मागे घ्या."

किनाऱ्याचा शॉट परत लागला.

"निनाद, तुमची सावली कुठं आहे?"

"मॅडम, प्रकाशाचा कोन..."

"कोन मला नका सांगू, तेच शिकवलं आयुष्यभर. कुत्र्याला सावली आहे, तुम्हाला नाही. हे स्टुडिओत करून चिकटवलंय का?"

"नाही मॅडम! सगळं प्रत्यक्ष शूट आहे."

"पुढे जा."

किल्ला. सावली नाही. जेट्टी. नाही. आता मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. शाळेच्या भिंतीपाशी, होडीपाशी, एकाही शॉटमध्ये सरांना सावली उरली नव्हती. कुणीतरी फिस्सकन हसलं. आणि मग आला मध्यान्हीचा शॉट.

ती होती. कालच्या स्वच्छ मातीवर, काळीभोर, डोक्यापासून पायापर्यंत. इतकी लांब मी कधी बघितली नव्हती. मी मोजायची गरजच नव्हती. वर्षातला सगळ्यात लांब सावलीचा दिवस होता तो, वहीत चौऱ्याहत्तर लिहिलेलं असतं. टोपी व्हरांड्याच्या पायरीला टेकली होती आणि वर उचललेल्या हातातली सळी बरोबर त्या रुळाच्या तुकड्याखाली.

मॅडम उभ्या राहिल्या. "हा शून्य सावलीचा दिवस आहे म्हणता ना? मग ही सावली कुणाची?"

घामाने सरांचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मान अगदी थोडी हलवली... नको म्हणून.

माझ्या मनात सायकलचं कॅरिअर आलं. मी उठले.

"सीताराम धोंडू यांची," मी म्हणाले. "आमच्या शाळेचे शिपाई. ही वही त्यांची आहे. हे एकतीस वर्षांचं मोजमाप त्यांचं आहे. सरांनी एक दिवसही मोजलेलं नाही." मी बॅगेतून वही काढली आणि पुठ्ठा वर करून सगळ्यांना दाखवला. एवढी गोड वाक्यं मी आयुष्यात दुसरी बोललेली नाही.

तन्वीने मागून नानांची मूळ मुलाखत लावली. पडद्यावर नाना टोपी सारखी करत म्हणाले, "ऐकू येतंय का तुमाला?"

पुढचं थोडक्यात सांगते. संस्थेने ती फिल्म परत केली. सरांच्या सगळ्या जुन्या कामांबद्दलही लोक विचारायला लागले की कुठलं खरं आणि कुठलं चिकटवलेलं. गेल्या वर्षभरात त्यांना काम मिळाल्याचं ऐकलं नाही.

प्रिव्ह्यूच्या दिवशी आम्ही बाहेर आलो तेव्हा साडेबारा झाले होते. सर पार्किंगमध्ये गाडीजवळ उन्हात उभे होते, चावी शोधत. मुश्ताकभाईंनी माझा कोपर घट्ट धरला. "बेटा, खाली बघू नको."

मी बघितलं.

गाडीची सावली होती, गेटची होती, आमच्या दोघांच्या होत्या. सरांच्या बुटांभोवती नुसती पांढरी फरशी. ढग नव्हता. मग ते गाडीत बसून निघून गेले. मुश्ताकभाई आणि मी या विषयावर नंतर एकदाही बोललो नाही.

संस्थेने तेच काम नव्याने आम्हा तिघांना दिलं. वीस मिनिटांची फिल्म केली, नाना आणि वही एवढीच. सुरुवात पुठ्ठ्यावरच्या नावाने. काम संपलं त्या दिवशी तन्वीने मध्यान्हीचा शॉट उघडला. सावली नव्हती. कार्डवरही नव्हती. सरांच्या सावल्या मात्र कुठल्याच शॉटमध्ये परत आल्या नाहीत.

यंदाच्या मेमध्ये मी फिल्म घेऊन गावी गेले. संध्याकाळी शाळेच्या भिंतीवर दाखवायची होती. त्या हेडमास्तरांच्या मुलालाही मी मुद्दाम श्रीवर्धनला जाऊन बोलावणं केलं आणि तो आला. पण त्याआधी मध्यान्ह होता. गावातली पोरं अंगणात जमली, काकी काठी टेकत आली. ओळंबा तिनेच लावला. मला बघून म्हणाली, "आलीस? बारीक झालीस गो." बस्स. एवढ्या महिन्यांबद्दल एक शब्द नाही.

सगळे खांबाभोवती उभे राहिलो. सावल्या आत आल्या आणि गेल्या. कुणी हललं नाही. समुद्राचा आवाज तेवढा येत होता. मग खांबाच्या बुडाशी एक बारीक काळी रेघ उमटली. पोरांच्या पायांशी उमटल्या. काकीच्या काठीपाशी उमटली. पोरं ओरडत पळत सुटली.

मी पाऊल उचलणार एवढ्यात काकीची काठी आडवी आली.

"हलू नको."

"काय झालं काकी?"

"सगळ्यांची आली. तुझी न्हाय आली."

मी खाली बघितलं. चपला, माती, ऊन. दुसरं काही नाही. शेजारी खांबाची सावली बोटभर झाली होती. मग दोन बोटं. मला पार्किंगमधली ती पांढरी फरशी दिसायला लागली.

काय सुचलं माहीत नाही. मी म्हणाले, "काकी, ती ओळ मी लिहिली होती. ट्रेलरमधली. सरांनी नाही, मी. आणि शूटच्या दिवशी नानांना दंडाला धरून बाजूला मीच नेलं. सावली यायच्या आत."

काकीची काठी तशीच आडवी.

"तुम्हाला सांगायची हिंमत नव्हती म्हणून नाना गेले तेव्हा आले नाही."

"म्हाईत हाय," काकी म्हणाली. "त्यानं जायच्या आधी सांगितलं व्हतं मला. म्हनला, त्या निनादला मी सोडनार न्हाय. पन बायला जरा थांबवून धर. ती आपनहून बोलंल."

आणि तिने काठी बाजूला केली. मी खाली बघितलं. माझ्या टाचेशी एक काळी रेघ होती. केसाएवढी. मग बोटाएवढी.

या सगळ्याला माझ्याकडे कारण नाही. सूर्याचा कोन, लेन्स, खराब फाइल, उन्हाने आलेली अंधारी, सगळं लावून बघितलं, कशातच बसत नाही. मॅडमनाही विचारलं, त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही. आणि हे वाक्य मी फार कमी वेळा बोलले आहे."

नानांची वही आता शाळेतच असते. काकी रोज मध्यान्हीला येते, पोरांकडून मोजून घेते आणि लिहून घेते. निघण्याआधी मी त्या दिवसाचं पान उघडून बघितलं. तारखेसमोर शून्य होतं. आणि खाली, काकीने सांगून कुणाकडून तरी लिहून घेतलेली एक ओळ: "मनीषाची साडेतीन मिनिटं उशिरा आली."